बासरी सुरात लावताना

नमस्कार, श्रोतेहो. बोटं बरोबर छिद्रांवर आहेत, तरी स्वर बेसूर लागतो, ही बासरी शिकणाऱ्यांची नेहमीची तक्रार. बोटांनी स्वर फक्त जवळपास येतो. नेमका जागेवर बसतो तो ओठ, फुंक आणि कान यांच्यामुळे.

पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा असलेली बासरी असेल तर तंबोराही पांढरी तीनलाच लावा. वरची तीन छिद्रं बंद करून सा धरा आणि बासरी किंचित आत, स्वतःकडे फिरवा. फुंकायचं छिद्र ओठाखाली जास्त झाकलं जातं आणि स्वर उतरतो. बाहेर फिरवली की चढतो. तंबोऱ्याशी जरा जरी फरक असला, तर आवाजात लाटा ऐकू येतात. एक स्वर सेकंदाला 330 कंपनांचा आणि दुसरा 333 चा असेल, तर सेकंदाला 3 लाटा. बासरी अगदी हळू फिरवत त्या लाटा मंदावत न्या. लाटा थांबल्या की सा लागला. त्या क्षणी छिद्र किती झाकलंय, ते आरशात पाहून ठेवा.

आता बोटं तशीच ठेवून तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा. इथे बहुतेक जण जोरात फुंकतात, म्हणून तो चढा लागतो. त्याऐवजी ओठांमधली फट बारीक करा. कमी हवेतही झोत वेगानं जातो. लांब स्वराच्या शेवटी दम कमी पडून सूर खाली येतो, तिथेही हाच उपाय.

शुद्ध मध्यम, म्हणजे म, सगळ्यात अवघड. सगळी छिद्रं उघडी ठेवली की तीव्र मध्यम वाजतो. पहिलं छिद्र अर्धवट झाकून शुद्ध मिळवायचा. कमी झाकलं तर चढा, जास्त झाकलं तर गंधाराकडे घसरतो. यासाठी तंबोऱ्याची पहिली तार मध्यमालाच लावा. आणि कृपा करून गंधार पेटीवरून घोटू नका: नेहमीच्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर असतं).

थंडीत बासरी उतरते. आतली हवा 10 अंशांनी गार झाली, तर जवळजवळ 30 सेंट. म्हणून आधी छिद्रं बंद करून काही मिनिटं हलकी, ऊबदार फुंक द्या, मगच तंबोऱ्याशी जुळवा.

एवढं करूनही मंद्र (खालच्या) आणि मध्य (मधल्या) सप्तकातले पंचम जुळत नसतील, तर बासरी जाणकाराला दाखवा. फुंकायच्या छिद्राजवळ बासरीचं टोक बंद करणारं बूच जागेवर नसेल तर सप्तकं जुळत नाहीत, आणि कितीही रियाज केला तरी तो दोष जात नाही.