बाळंतिणीचा डावा पाय

(दृश्य: पहाट. खोलीत शेगडी, ओव्या-शेपेची धुरी, पाळणा.)

बाळाची अंघोळ उरकली, आता बाळंतिणीची पाळी. सिझरला बारा दिवस झालेत.

"ताई, डावी पोटरी भरल्यासारखी दिसतीये."
"परवापासून ठणकतीये, मावशी."

मालीशवाल्या मावशींचा हात तेलाच्या वाटीकडे जातो. तो तिथेच थांबायला हवा.

बाळंतपणात पाय सुजतात, त्यात नवल नाही. पण बहुधा दोन्ही सुजतात, आणि उशीवर पाय टेकून पडलं की उतरतात. इथे एकच पाय सुजलाय. तळहात लावून बघा, दुसऱ्यापेक्षा गरम. कातडी ताणलेली, चकाकणारी. कधी पोटरी ठीक असते आणि मांडी किंवा जांघच दुखते.

(दृश्य: शिंप्याची टेप, दोन पाय.)

गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा उंचवटा लागतो. तिथून १० सेंटिमीटर खाली टेप धरायची. दोन पोटऱ्यांत ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला, तर डॉक्टर लगेच सावध होतात. कमी निघाला म्हणून घरी बसायचं असंही नाही.

ही खूण असू शकते खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची, म्हणजे डीव्हीटीची. रक्त संथ होणं, शिरेला इजा होणं, रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं: ही तीन कारणं आजही जर्मन वैद्य रुडॉल्फ व्हिर्खो यांच्या नावानं शिकवतात. बाळंतिणीकडे तिन्ही हजर. प्रसूतीत रक्त फार जाऊ नये म्हणून शरीरानं गोठण्याची तयारी आधीच वाढवलेली असते. त्यात सिझर, त्यात पडून राहणं. सर्वांत जास्त धोका प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत. आपला सव्वा महिना जवळजवळ तेवढाच.

आणि डावाच पाय का? उजव्या पायाकडे जाणारी धमनी ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून जाते आणि तिला मणक्यावर दाबते. युरोपात पूर्वी या सुजेला 'दुधाचा पाय' म्हणायचे. छातीतलं दूध पायात उतरलं, अशी समजूत. आपण 'वारा लागला' म्हणतो, तेव्हा त्यांना हसायला नको.

(दृश्य: सोनोग्राफीची अंधारी खोली.)

गार जेल. जांघेवर प्रोब. पडद्यावर दोन काळे गोल. एक धडधडतो, ती धमनी. शेजारची शीर. डॉक्टर प्रोब दाबतात. निरोगी शीर रिकाम्या पिशवीसारखी चपटी होते. ही होत नाही. निदान झालं. डी-डायमर ही गुठळीचा सुगावा देणारी रक्ततपासणी बाळंतपणानंतर तशीही वाढलेलीच येते, म्हणून इथे तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

उपचार सुरू होतो हेपॅरिनच्या इंजेक्शननं. मात्रा वजनावरून. पोटाच्या चरबीची चिमट धरायची, टाक्यांपासून लांब, आणि बारीक सुई सरळ आत. हे औषध गुठळी विरघळवत नाही, वाढू देत नाही. विरघळवण्याचं काम शरीर सावकाश करतं. पुढे रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्या, निदान तीन महिने. घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधतंच आणि ओरडतं, "अगं, हे तर उंदराचं औषध!" खरंय. १९४८ साली ते उंदरांसाठीच बाजारात आलं. माणसांना १९५४ पासून देऊ लागले. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, तपासून, तो २ ते ३ मध्ये राखून देतात.

अंगावर पाजता येतं का? हेपॅरिन आणि वॉरफरिनवर येतं. नव्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईला सहसा देत नाहीत. पालेभाज्यांनी वॉरफरिनचा असर कमी-जास्त होतो, पण मेथी, शेपू, पालक बंद करायची गरज नाही. रोजचं प्रमाण तेवढंच ठेवायचं, एकदम वाढवायचं किंवा सोडायचं नाही. डोकं दुखलं म्हणून घरातली कुठलीही गोळी घ्यायची नाही.

आता ती तेलाची वाटी. गुठळी सैल असताना पोटरी चोळली, तर तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. अचानक धाप, खोल श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, घेरी: यातलं काहीही झालं तर सोनोग्राफीची वाट बघायची नाही. १०८.

(दृश्य: तीच खोली, काही दिवसांनी.)

मावशी बाळाला पायांवर घेऊन बसल्यात. बाळंतीण व्हरांड्यात येरझाऱ्या घालतेय; डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. सासूबाई आतून विचारतात, "अगं, टेकलीस का नाही अजून?"

"त्यांना फिरू द्या," मावशी म्हणतात, आणि बाळाच्या टाळूवर तेल थापतात.