पत्ता आहे, नाव नाही

(पपायरसचं पान, अगदी जवळून. कॅमेरा झिजलेल्या कडेवरून हळूहळू आत सरकतो.)

हे पान साधारण 1800 वर्षांपूर्वीचं आहे. नाईलकाठच्या पपायरस नावाच्या गवताच्या पट्ट्या, एक थर आडवा, एक उभा, दाबून वाळवलेल्या. त्या तंतूंच्या रेषा आजही दिसतात. खालची कड गेली आहे, आणि तिच्याबरोबर शेवटच्या काही ओळीही.

अक्षरं ग्रीक आहेत. शब्द सुटे नाहीत, आपल्या जुन्या पोथ्यांसारखं सलग लिहिलेलं आहे. मधूनच काही अक्षरांवर आडवी रेघ दिसते. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द लेखनिक पूर्ण लिहीत नाही. दोन-तीन अक्षरं, आणि वर रेघ. त्या काळच्या ख्रिस्ती लेखनिकांची ही रीतच होती.

(काचेखालची पानं, एकामागून एक.)

अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये, मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयात अशी 30 पानं आहेत. आणखी 56 पानं समुद्रापलीकडे, डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात. मूळची वही एकच, 104 पानांची. 52 मोठे ताव एकावर एक रचून मधोमध एकदाच दुमडलेले. इजिप्तमध्ये 1930 च्या सुमारास ती तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, म्हणून आज दोन देशांत आहे. अभ्यासक तिला पी 46 म्हणतात. पौल म्हणजे पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित; त्याच्या पत्रांचा याहून जुना संग्रह आपल्या हाती नाही.

(पुन्हा तेच पहिलं पान.)

आता याच पानाकडे नीट बघूया. इथे पौलाचं रोमच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेलं पत्र, रोमकरांस पत्र, संपतं. संपण्याच्या जरासं आधी एक माणूस मध्येच बोलतो: हे पत्र मी, तर्तियुसाने लिहून घेतलं, माझाही तुम्हांला सलाम. म्हणजे सांगणारा पौल आणि बोरू हातात धरणारा तर्तियुस. पौल पत्रं सांगून लिहवून घेत असे, आणि कधीकधी शेवटच्या ओळी स्वतः लिहीत असे. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, बघा, माझ्या हाताने किती मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

तर तर्तियुसाचा सलाम, मागोमाग आणखी काहींचे सलाम, पत्र समाप्त. आणि मग हे शीर्षक.

(शीर्षकावर कॅमेरा थांबतो. निवेदनही थांबतं. पाच सेकंद.)

प्रॉस हेब्राइउस. इब्री लोकांस. म्हणजे यहुद्यांस.

एवढंच. कुणाला ते आहे, कुणाचं ते नाही. पौलाच्या नावाची जी 13 पत्रं बायबलच्या नव्या करारात आहेत, त्यांतलं प्रत्येक ‘पौल’ याच शब्दाने सुरू होतं. हे मात्र असं सुरू होतं: पॉलिमेरोस काय पॉलित्रोपोस पालाय... पहिल्याच वाक्यात ‘प’ने सुरू होणारे पाच शब्द. ज्याने हे रचलं त्याचा कान तयार होता. हे पत्र मोठ्याने वाचलं जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

तरी वही बांधणाऱ्याने ते रोमकरांच्या पत्रामागोमाग, पौलाच्या पत्रांमध्येच ठेवलं. का? शेवटी तीमथ्याचं नाव येतं, आणि तीमथ्य म्हणजे पौलाचा सोबती. एवढा धागा त्याला बहुधा पुरला.

(नकाशा: अलेक्झांड्रिया, कार्थेज, रोम.)

पण तेव्हाही सगळ्यांना पुरला नव्हता. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती पंडित क्लेमंट म्हणायचा, पौलाने हे इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत लिहिलं आणि त्याचा सोबती लूक याने ग्रीकमध्ये आणलं. उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन सरळ बर्णबाचं, पौलाच्या आणखी एका सोबत्याचं, नाव घेतो. आणि तिसऱ्या शतकात ऑरिजेन. ग्रीकचा जाणकार, मूळ ग्रंथ शब्दाशब्दाने तपासणारा माणूस. त्याने वाचलं आणि सांगितलं की विचार पौलाला शोभणारे आहेत, पण बोली त्याची नाही. हे ग्रीक अधिक घोटीव आहे. मग लिहिलं कुणी? खरं काय ते देवाला ठाऊक, असं तो म्हणतो.

श्रद्धावान माणसाने, पौलाचं थोर नाव समोर तयार असताना, असं म्हणायला धैर्य लागतं. ही गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटली ती ऑरिजेनच्या या वाक्यामुळे.

(हस्तलिखितावर बोट न टेकवता फिरणारा हात.)

लेखक ठरवायचा म्हणजे करायचं काय? आपल्याकडे ‘तुका म्हणे’ असं शेवटी असूनही अभंग तुकोबांचाच का, हा प्रश्न अभ्यासकांना पडतोच. इथे तर नाममुद्राच नाही. मग पत्रालाच विचारावं लागतं.

क्लेमंटचं म्हणणं घेऊ. मूळ इब्री होतं का? दहाव्या अध्यायात पत्र जुन्या करारातलं 40 वं स्तोत्र उद्धृत करतं. इब्री स्तोत्रात शब्द आहेत: तू माझे कान उघडलेस. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे आहे: तू माझ्यासाठी शरीर सिद्ध केलंस. पत्र घेतं ते ‘शरीर’, आणि पुढचा सगळा मुद्दा, ख्रिस्ताच्या शरीराच्या अर्पणाचा, त्या एका शब्दावर उभा करतं. लेखकासमोर ग्रीक स्तोत्रं होती. तो विचारच ग्रीकमध्ये करत होता. भाषांतराची कल्पना इथे टिकत नाही.

मग पौल? दुसऱ्या अध्यायात लेखक म्हणतो, तारणाचा हा संदेश ज्यांनी प्रभूकडून ऐकला त्यांनी तो आमच्यापर्यंत पोचवला. म्हणजे मिळाला तो दुसऱ्याच्या तोंडून. गलतीकरांच्या पत्रात पौल नेमकं उलटं सांगतो, आणि जीव तोडून सांगतो: ही सुवार्ता मला कुणा माणसाकडून मिळालेली नाही. त्याचं सारं भांडणच त्या एका गोष्टीवर होतं. तो माणूस हे वाक्य लिहील, असं आम्हाला वाटत नाही. आज बहुतेक अभ्यासकांनाही वाटत नाही.

(डब्लिनची पानं.)

1900 साली जर्मन अभ्यासक आडोल्फ फॉन हारनाक याने एक नवं नाव पुढे केलं: प्रिस्किल्ला. नवरा अक्विल्ला याच्याबरोबर तिने विद्वान अपुल्लोला शिकवलं होतं, असं नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं. लिहिणारी बाई होती म्हणूनच नाव पुसलं गेलं, असं हारनाकचं म्हणणं. हे नाव आम्हालाही फार आवडलं असतं.

पण 11 व्या अध्यायात एक शब्द आहे. गिदोन, बाराक, शमशोन यांच्याविषयी सांगत बसलो तर वेळ पुरायचा नाही, असं लेखक म्हणतो. मराठीत ‘सांगत बसलो’ की ‘सांगत बसले’, हे क्रियापदच बोलून दाखवतं. ग्रीक क्रियापदात ते एरवी कळत नाही. पण इथे लेखकाने धातुसाधित वापरलंय, आणि त्यात ते कळतं. दिएगूमेनॉन. पुल्लिंगी. बाई असती तर दिएगूमेनेन. एका स्वराचा फरक! नाव लपवणारी बाई पुल्लिंगही मुद्दाम वापरील, असं कुणी म्हणू शकतं. तसं म्हणावं. पण पानावर जे आहे ते पुल्लिंग आहे.

(व्हॅटिकनचं हस्तलिखित. तीन स्तंभ, फिकट तपकिरी शाई.)

हे ग्रीक बायबल चौथ्या शतकातलं, कातड्यावर लिहिलेलं, व्हॅटिकन ग्रंथालयातलं. समासातले आकडे बघा. पौलाच्या सगळ्या पत्रांना मिळून प्रकरणांचे सलग आकडे आहेत. गलतीकरांचं पत्र 58 ला संपतं. त्याला लागून इफिसकरांचं पत्र येतं, आणि त्याचा आकडा 70! मधले कुठे गेले? पुढे, इब्री लोकांस पत्राची सुरुवात होते 59 ने. ज्या जुन्या प्रतीवरून हे आकडे उतरवले तिथे हे पत्र गलतीकरांमागोमाग होतं. नाव नसलेल्या पत्राची जागाही ठरत नव्हती. कुणी रोमकरांनंतर ठेवलं, कुणी गलतीकरांनंतर, कुणी आणखी पुढे.

आणि याच पानावर, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनाशी, दोन स्तंभांच्या मध्ये बारीक अक्षरात एक ओळ आहे. आधीच्या कुणी तरी मूळ शब्द बदलला होता. नंतरच्या लेखनिकाने तो परत जुना केला आणि बदलणाऱ्याला सुनावलं: अरे महामूर्खा, दुष्टा, जुनं आहे ते राहू दे, बदलू नकोस!

(त्या ओळीवर कॅमेरा. निवेदन नाही.)

पुढचं थोडक्यात. 397 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने यादी केली: पौलाची पत्रं 13, आणि त्याचंच इब्री लोकांस एक. तो ‘एक’ वेगळा मोजलाय. पुढे सरळ 14 म्हणू लागले. 1522 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने ते पौलाच्या पत्रांतून काढून मागे नेलं, आणि लूथरच्या जर्मन बायबलमध्ये ते अजून तिथेच आहे. 1546 मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने पुन्हा 14 मोजली.

(मराठी पवित्र शास्त्राची अनुक्रमणिका. खिडकीतला उजेड पानावर.)

आपल्या मराठी पवित्र शास्त्राची ही अनुक्रमणिका. पौलाचे रोमकरांस पत्र. आणि खाली, साधंच: इब्री लोकांस पत्र. ज्या कुणी ही ओळ अशी ठेवली, त्यांचे आभार मानावेत असं वाटतं. बर्णबा, लूक, अपुल्लो, प्रिस्किल्ला, सगळी नावं सुचवून झाली आहेत. ‘माहीत नाही’ हे उत्तर मिळवायला पिढ्यान्‌पिढ्या खपल्या. घाईने एखादं नाव चिकटवून ते कुणी खोडू नये.

(पपायरस. पत्राचा शेवट.)

ज्यांना हे पत्र आलं, त्यांना ते कुणाचं हे विचारावं लागलं नसणार. शेवटच्या अध्यायात लेखक त्यांना सांगतो: मी लवकर तुमच्याकडे परत यावं म्हणून प्रार्थना करा. तीमथ्य सुटलाय, तो वेळेत आला तर त्याला घेऊन येईन. इटलीची मंडळी तुम्हांला सलाम सांगतात.

(पान तसंच राहू द्यावं. आवाज फक्त ग्रंथालयाचा.)