मोजायचं रबर नाही, त्याची जागा

(एका अभियांत्रिकी अभ्यासमंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, 1950 च्या सुमारास अमेरिकेत बेंडिक्स कंपनीचं इकॉनोमॅट नावाचं कपडे धुण्याचं मशीन मिळायचं. त्याचा टब पत्र्याचा नव्हता, रबरासारख्या लवचीक पदार्थाचा होता. कंपनीनं त्या पदार्थाला मेटेक्सलॉय असं भारदस्त नाव दिलं होतं. कपडे धुऊन झाले, पाणी निघून गेलं की झाकण घट्ट बसायचं आणि पंप टबातली हवा ओढून घ्यायचा. मग बाहेरच्या हवेच्या दाबानं टबच आत चेपायचा आणि कपडे मधल्या ॲजिटेटरवर, म्हणजे कपडे घुसळणाऱ्या दांड्यावर, आवळून पिळले जायचे. मोटर, पंप, झाकण हे सगळं त्या एका रबरी भागाच्या तैनातीला. आज असं मशीन कुणाच्या हाती लागलं तर मोटर रिवाइंड करता येते, गंजलेला पत्रा बदलता येतो. टबाला चीर गेली असेल तर मात्र मशीन शोभेचं.

बाकीच्या जुन्या मशीनमध्ये रबर एवढं ठळक दिसत नाही, पण मशीन अडतं ते तिथेच. फ्रिजिडेअर कंपनीच्या मशीनमध्ये ॲजिटेटर गोल फिरत नसे, वर-खाली होत असे. त्या हालचालीत पाणी खालच्या यंत्रणेत उतरू नये म्हणून रबरी बेलो, म्हणजे भात्यासारखी घड्यांची नळी, असे. मेटॅग कंपनीच्या टबाच्या मध्यावर बूट, म्हणजे रबरी आवरण, आणि पाणी अडवणारं सील. पिळणीच्या मशीनला कपडे मधून पिळून काढणारे दोन रबरी रोल. आयोवा राज्यातल्या न्यूटन गावी मेटॅगनं अशी पिळणीची मशीनं 1983 पर्यंत बनवली, आणि अमेरिकेतली आमिश, म्हणजे आधुनिक सोयी टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, अनेक कुटुंबं आजही ती वापरतात. म्हणजे मागणी फक्त संग्राहकांची आहे असं समजू नका.

अशी जुनी मशीनं जमवून पुन्हा चालती करायचा छंद आपल्याकडे जवळजवळ नाही. मी यात पडलो तो रबर मोल्डिंगच्या धंद्यामुळे. भोसरीत, वसईत प्रेस चालवणाऱ्या लोकांना यातलं निम्मं काम आधीच येतं. उरलेल्या निम्म्याबद्दल आज बोलतो.

गिऱ्हाईक जुना भाग पुढे ठेवतं आणि म्हणतं, सेम टू सेम करून द्या. इथेच पहिली अडचण. तुमच्या हातातला भाग चाळीस-पन्नास वर्षं दाबाखाली बसलेला असतो. त्याला कायमचा बसका आकार आलेला असतो. चाचणीच्या भाषेत कॉम्प्रेशन सेट. त्यातलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे रबर मऊ ठेवणारं द्रव्य, गरम पाण्यानं आणि साबणानं धुऊन गेलं असेल तर भाग आकसतो आणि कडक होतो. उलट गिअरबॉक्सचं तेल झिरपलं असेल तर तोच भाग फुगतो आणि लिबलिबीत होतो. एकाच बुटाची वरची कड आकसलेली आणि खालची फुगलेली मी पाहिली आहे. अशा भागाला व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावून काढलेलं ड्रॉइंग म्हणजे त्याच्या म्हातारपणाचं ड्रॉइंग. हार्डनेसचंही तसंच. रबराचा कडकपणा शोअर ए मापात मोजतात; मूळ साठ शोअर ए असलेलं रबर आज ऐंशी दाखवू शकतं, आणि तुम्ही प्रामाणिकपणे ऐंशीचं कंपाउंड, म्हणजे रबराचं तयार मिश्रण, मागवता.

म्हणून मोजायची ती धातूतली जागा. शाफ्टचा व्यास, खाचेची खोली, टबाच्या भोकाची कड. लोखंड आणि ॲल्युमिनियम एवढं खोटं बोलत नाही. गंज तेवढा खरवडून घ्यायचा. जागा कळली की रबरावर किती दाब यायला हवा हे आपण ठरवतो. ओ-रिंगसारख्या (गोल रबरी कडीसारख्या) न हलणाऱ्या सीलला साधारण 15 ते 25 टक्के दाब पुरतो, त्यावरून मूळ जाडी परत काढता येते. हार्डनेस तपासायचा असेल तर भागाच्या सगळ्यात जाड जागी काप घ्या. ऑक्सिजन आणि ओझोन आपलं बरंचसं काम पृष्ठभागावर उरकतात, आतला गाभा मूळच्या थोडा जवळ असतो. आणखी एक फुकटचा मार्ग म्हणजे पेटंट. अमेरिकी पेटंटमधल्या आकृत्या कुणालाही पाहायला मिळतात. त्यात मापं नसतात, पण भाग नवा असताना ओठ कुठे वळला होता आणि घडी किती होत्या हे कळतं. मुदत केव्हाच संपलेली असल्यामुळे नक्कल करायलाही आडकाठी नाही. फक्त कंपनीचा शिक्का उठवू नका.

न वापरलेला जुना स्टॉक मिळाला की संग्राहक हरखून जातात. जरा थांबा म्हणतो मी. रबर साठवणुकीचं आयएसओ 2230 हे मानक नैसर्गिक रबराला सुरुवातीचा साठवण-काळ पाच वर्षांचा देतं, नायट्राइल या कृत्रिम रबराला सात, ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबराला दहा. तपासणी करून मुदत थोडी वाढवता येते. साठ वर्षं खोक्यात पडलेला बूट मापं घ्यायला उत्तम, मशीनमध्ये बसवायला नाही.

आता कंपाउंड. खरी डोकेदुखी इथे आहे. मशीनमधल्या मधल्या सीलला दोन शेजारी असतात. वर गरम पाणी, डिटर्जंट आणि ब्लीच, खाली तेल. ईपीडीएम पाण्याला आणि ब्लीचला छान टिकतं, तेलात मात्र फुगतं. नायट्राइल तेलाला टिकतं, ब्लीच आणि ओझोनपुढे नांगी टाकतं. नैसर्गिक रबराला दोन्हीकडून मार, शिवाय तांब्याचा अंश लागला तर ते झपाट्यानं सडतं. पितळी फिटिंगजवळ बसलेलं जुनं रबर चिकट झालेलं दिसतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. तरीही बेलोसाठी मी नैसर्गिक रबर सहजासहजी सोडत नाही. ताणलं की त्याचे रेणू रांगेत येऊन स्फटिक बनतात, त्यामुळे चीर पुढे सरकायला अडथळा येतो. हजारो वेळा दुमडणं-उलगडणं त्याच्याइतकं सोसणारं रबर आपल्या खिशाला परवडेल असं दुसरं नाही. बेलोची भिंत ‘मजबुतीसाठी’ जाड करायचा मोहही आवरा. जाड भिंत घडीवर जास्त ताणली जाते आणि तिथेच लवकर फाटते.

मूळ भाग कशाचा होता हे ओळखायला प्रयोगशाळा नसली तरी थोडं कळतं. एक तुकडा रात्रभर तेलात ठेवा आणि सकाळी फुगला का बघा. तांब्याची तार तापवून रबराला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत आली तर क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा निओप्रीन हे क्लोरीनयुक्त कृत्रिम रबर. खिडक्या उघड्या ठेवा, धूर वाईट असतो. पण मूळ जे होतं तेच वापरायचं, असा नियम मी पाळत नाही. 1940 साली ईपीडीएम नव्हतंच. तेव्हाच्या अभियंत्याला ते मिळालं असतं तर त्यानं पाण्याच्या बाजूला ते नक्की वापरलं असतं. काही संग्राहकांना हा अधर्म वाटतो. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, दोन्ही कंपाउंडचे दर सांगतो.

पिळणीचे रोल हा वेगळाच मामला, आणि इथे आपली माणसं खरंच पुढे आहेत. छपाईच्या मशीनच्या आणि कापड गिरण्यांच्या रोलरवर रबर चढवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. जुनं रबर सोलायचं, शाफ्ट सँडब्लास्ट करायचा, बाँडिंग एजंट लावायचा, कच्च्या रबराची शीट गुंडाळायची, वरून नायलॉनची ओली पट्टी आवळून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे बंद दाबपात्रात, वाफेवर पिकवायचं, मग लेथवर ग्राइंड करून मापात आणायचं. पिळणीसाठी फरक एवढाच की रोल पांढरा हवा. ओल्या कपड्यावर काळ्या रबराचा डाग नको, म्हणून कार्बन ब्लॅकऐवजी सिलिका, चिनी माती, टायटॅनियम डायॉक्साइड. इथे एक गोष्ट हमखास निसटते. ओझोनपासून वाचवणारं टायरमधलं नेहमीचं रसायन, 6पीपीडी, स्वतःच तपकिरी डाग सोडतं. रोल पांढराशुभ्र दिसतो आणि काही दिवसांनी सदऱ्यावर पट्टे उमटतात. तिथे फिनॉलिक जातीचं अँटिऑक्सिडंट वापरा. ओझोनपुढे ते तितकं दमदार नाही, म्हणून रोल वापरून झाले की पिळणीचा दाब सैल करायला सांगा. ताणाखाली नसलेल्या रबराला ओझोनच्या चिरा पडत नाहीत. जुन्या मशीनवर दाब सोडायचा दांडा असतोच.

दहा-वीस नग हवे असतील तर पोलादी डाय करू नका. कॉम्प्रेशन मोल्डिंगला, म्हणजे तापलेल्या साच्यात रबर दाबून पिकवायला, ॲल्युमिनियमचा साचा पुरतो. साचा दीड ते दोन टक्के मोठा कापा, कारण दीडशे-एकशेसाठ अंशांवरून थंड होताना रबर धातूपेक्षा कितीतरी जास्त आकसतं. प्रेसच नसेल तर दोन द्रव मिसळून घट्ट होणारं पॉलियुरेथेन ओतता येतं. त्यातलं ईथर जातीचं घ्या. ईस्टर जातीचं गरम पाण्यात हळूहळू विरघळल्यासारखं होतं. आणि कोकणात राहत असाल तर हे काम पावसाळ्यात काढू नका. हवेतला दमटपणा पॉलियुरेथेनच्या एका द्रवातल्या आयसोसायनेटशी भिडतो, कार्बन डायॉक्साइड निघतो आणि भाग बुडबुड्यांनी भरतो.

जुन्या भागावरूनच सिलिकॉनचा साचा घेणार असाल तर प्लॅटिनम क्युअर, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीनं घट्ट होणारं, सिलिकॉन वापरू नका. गंधकानं व्हल्कनाइझ केलेल्या (पिकवलेल्या) रबराला लागून असलेला थर पिकतच नाही, चिकट राहतो, कारण गंधक प्लॅटिनमला निकामी करतं. टिन क्युअर, म्हणजे कथिलाच्या संयुगानं घट्ट होणारं, घ्या. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला टीपीयूचा, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचा, भाग बसतो का ते पाहायला चांगला. पाणी मात्र त्याच्या थरांमधून वाट काढतं.

बेल्ट, ओ-रिंग, साधे होज यांच्या वाटेला जाऊच नका. ती मापं आजही बाजारात तयार मिळतात.

शेवटचं काम साचा कापतानाच करायचं असतं. न दिसणाऱ्या बाजूला वर्ष आणि कंपाउंडचा कोड कोरून घ्या. तीस वर्षांनी कुणीतरी ते मशीन उघडेल आणि हा भाग मूळचा समजून पुन्हा मोजायला बसेल.