लाल पट्ट्याकडे बघा

(दृश्य: सकाळचं मैदान. दोन रांगा समोरासमोर. ढालींवर तलवारी आपटल्याचे आवाज.)

कॅमेरा तलवारीमागे धावतो. आमचाही धावला. घरी येऊन सगळं चित्रीकरण पाहिलं, तेव्हा जवळजवळ प्रत्येक चकमकीच्या मागे, चौकटीच्या कडेला, गवतात गुडघा टेकून बसलेलं एकच माणूस दिसत राहिलं. अंगावर लाल पट्टा, एक हात रिकामा, ओठ सतत हलणारे.

ही हीलर. या लढाईतली वैद्य.

हा खेळ आहे, मध्ययुगीन आणि जादूच्या लढायांचा. त्याचं नाव ॲम्टगार्ड. 1983 साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या एल पासो शहरात तो सुरू झाला. त्याआधी 1977 मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात डागोरहिर नावाचा असाच खेळ उभा राहिला होता. हत्यारं फोमची असतात: आत पीव्हीसीची नाहीतर फायबरग्लासची कांडी, तिच्यावर फोमचा जाड थर, वरून कापडी खोळ. डोक्यावर आणि मानेवर मारायचं नाही. बाकी अंगाला घाव बसला, तर तो ज्याला बसला त्यानंच कबूल करायचा.

(दृश्य: एक योद्धा. मांडीवर वार. तो लगेच गुडघ्यावर येतो.)

पायाला लागलं की गुडघ्यावर बसून लढायचं. हाताला लागलं की तो हात बाद. दुसरा अवयव गेला किंवा धडावर वार बसला, की मेलात. हा तरुण आता गुडघ्यावर आहे. ढाल भक्कम आहे, पण मागे सरकता येत नाही. समोरचे दोघं त्याच्याभोवती फिरायला लागलेत.

आता डावीकडे बघा. ती आली.

(दृश्य: जवळून. खांद्यावर टेकलेला तळवा. इथे पार्श्वसंगीत नको, तिचाच आवाज ऐकू द्या.)

जखम बरी करायला ती मंत्र म्हणते. तो पुरा होईपर्यंत तिला पाय हलवता येत नाही. एक हात मोकळा हवा, म्हणजे ढाल आणि तलवार दोन्ही एकदम धरून चालत नाही. जखमीला स्पर्श हवा. आणि मंत्र मोठ्यानं, शब्द न् शब्द म्हणायला हवा. आधी हत्यारांची नावं येतात: तलवार, भाला, गदा, बाण. मग पांढऱ्या प्रकाशाला साकडं: रक्त थांबू दे, हाडं सांधू देत, जखम मिटू दे. मुरलेली हीलर हे एका दमात म्हणते. नवशिकी तिसऱ्या ओळीला अडखळते आणि पहिल्यापासून सुरुवात करते.

तिची बोटं पाहा. खांद्यावरच्या कापडाला घट्ट पकड आहे, कारण जखमी हललाच तर हात सुटू नये. डोळे मात्र त्याच्याकडे नाहीत. ते भालेवाल्यावर आहेत. मंत्र संपायच्या आत भाला पोचेल का, हा हिशेब ती तोंडानं मंत्र म्हणता म्हणता करते आहे. आम्ही हा तुकडा वीसेक वेळा तरी पाहिला असेल. या मैदानावर याहून अवघड काम आम्हाला दिसलं नाही.

(दृश्य: तरुण उठतो. रांग पुन्हा जुळते.)

मेलेल्याला तिथल्या तिथे उठवणारा मंत्रही तिच्याकडे असतो. दंडावर बांधलेल्या रंगीत पट्ट्या दिसतात ना, ती तिनं दिलेली संरक्षणं. यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं, हे लढाई सुरू होण्याआधी मोजक्या गुणांत ठरवावं लागतं. पुढे ते बदलता येत नाही. वरच्या पातळीला जास्त मंत्र मिळतात, पण पातळी चढते हजेरीनं. सहाव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला 53 हजेऱ्या लागतात. आठवड्याला एक धरली तर वर्षभराहून जास्त काळ.

(दृश्य: हस्तलिखितातलं जुनं रेखाचित्र. लांब, पोकळ चिमटा.)

मध्ययुगातल्या लढाईत खरा वैद्य काय करायचा, त्याचं एक उदाहरण इथे आहे. 1403 साली इंग्लंडमध्ये श्रूजबरीच्या लढाईत सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात बाण घुसला. काडी निघाली, पातं खोल आत राहिलं. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्यानं त्यासाठी मुद्दाम हा चिमटा घडवला. जखमेचं तोंड हळूहळू रुंद केलं, चिमटा आत सरकवला, पात्याच्या खोबणीत स्क्रूनं घट्ट बसवला आणि पातं मागेपुढे हलवत बाहेर काढलं. जखम वाइननं धुतली, मध लावला, आणि पुढे कित्येक दिवस रोज थोडी थोडी भरू दिली. तो मुलगा पुढे पाचवा हेन्री म्हणून गादीवर बसला. ज्यांनी त्या काळाचा खेळ मांडला, त्यांनी तलवारबाजांबरोबर वैद्यालाही रांगेत जागा दिली, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

(दृश्य: पुन्हा मैदान. पंचाचा हात वर. सगळे जागच्या जागी थांबलेले.)

कुणाचा पाय खरोखर मुरगळला, की ‘होल्ड’ अशी आरोळी येते आणि खेळ थांबतो. तिथे मंत्र चालत नाही, प्रथमोपचाराची पेटी चालते.

(दृश्य: दुपार. तिसरी लढाई. डावी बाजू.)

या लढाईत समोरच्यांनी शहाणपणा केला. त्यांनी आधी हीलरलाच गाठलं. ती पडली, आणि जखमी गुडघ्यावरच राहिले. थोड्याच वेळात डावी बाजू रिकामी झाली.

(दृश्य: शेवटची लढाई. निवेदन थोडं थांबून.)

चौथ्या लढाईला तिच्यापुढे दोन ढाली उभ्या आहेत. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी जो गुडघ्यावर होता, त्यातली एक ढाल त्याची.

(दृश्य: तिचा गुडघा. ओली माती, चिकटलेलं गवत. उजवीकडून हाक. ती उठते आणि धावते.)