मशीन विचारेल: बाट की रुपये?

श्रोतेहो, नमस्कार.

बँकॉकच्या दुकानात कार्ड मशीनला लावलं की पडद्यावर बरेचदा दोन आकडे उमटतात, एक बाटमध्ये, म्हणजे थायलंडच्या चलनात, आणि एक रुपयांत. रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडेच जातं. पण रुपये निवडले की विनिमयाचा दर दुकानाच्या बाजूची बँक किंवा कंपनी ठरवते, आणि त्या दरात तिचा नफा आधीच धरलेला असतो. शिवाय दुकान परदेशातलं म्हणून आपल्याकडच्या अनेक बँका रुपयांतल्या व्यवहारावरही शुल्क लावतात. म्हणजे दुहेरी भुर्दंड. म्हणून बाटच निवडा, आणि कार्ड देतानाच दुकानदाराला तसं सांगा. स्लिपवर रुपये छापून आलेच तर काउंटर सोडू नका. व्यवहार तिथल्या तिथे रद्द करून बाटमध्ये पुन्हा करायला लावा. मायदेशी परतल्यावर तक्रार टिकणं कठीण, कारण कागदोपत्री तुम्ही होकार दिलेला असतो.

एटीएमवर हाच प्रश्न जरा घाबरवतो. ‘कन्व्हर्जन स्वीकारा’ की ‘नाकारा’? नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत, असं अनेकांना वाटतं. तसं मुळीच नाही. आपण नाकारतो तो फक्त त्या मशीनचा दर. नोटा बाहेर येतातच, आणि हिशोब व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतो, जो बहुतेक वेळा बराच बरा असतो.

थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डावर दर खेपेला साधारण 220 बाट किंवा त्याहूनही जास्त कापतात. 1000 बाट काढले तर 22 टक्के गेले. 10,000 काढले तर 2.2 टक्के. तेव्हा थोडेथोडे काढत बसू नका. आपल्या बँकेचं शुल्क याच्यावर वेगळं लागतं. आणि क्रेडिट कार्डावर रोकड काढूच नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

आता मार्कअप. बाटमध्ये पैसे दिले तरी आपली बँक तिची टक्केवारी घेते, अनेक कार्डांवर 3.5 टक्क्यांपर्यंत, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. हिशोब 4.13 टक्क्यांवर जातो, लाखाच्या खर्चावर 4,130 रुपये. निघण्याआधी बँकेच्या शुल्कपत्रकात ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ ही ओळ शोधा. शून्य मार्कअपची कार्डं मिळतात, मात्र त्यांची वार्षिक फी बघूनच घ्या. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून नेायचं कार्ड, घेणार असाल तर त्यात बाट भरता येतात का, ते आधी विचारा. डॉलर भरून बाट खर्च केले तर चलनबदलाचं वेगळं शुल्क लागतं.

2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशी वापर बंदच असतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दुकान, एटीएम आणि ऑनलाइन यांतलं लागेल तेवढंच चालू करा आणि मर्यादा घाला. हे काम भारतात असतानाच उरका, कारण तिथे गेल्यावर ओटीपीसाठी आपलं सिम चालू असेलच असं नाही.

हॉटेलच्या डिपॉझिटला डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड देऊ नका, अडकवलेली रक्कम सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्ड द्या. आणि चेक-इनच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी खालची बारीक अक्षरं वाचा. रुपयांत आकारणी करण्याची संमती कधीकधी तिथेच लिहिलेली असते. ती खोडूनच सही करा.