ओनीतेला हाक मारणारा गायक
नमस्कार मंडळी! आज ज्या गायकाबद्दल बोलायचंय, त्याची लिथुएनियातली कारकीर्द जेमतेम दोन वर्षांची. तरी तिथल्या सुगम गाण्याचा विषय निघाला की पहिलं नाव त्याचंच येतं. दानिएलियस डोल्स्किस.

जन्म विल्नियसमधला, ज्यू घरातला. नाव मात्र कमावलं रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या रंगमंचावर. क्रांतीनंतर तिथून बाहेर पडला, आणि फिरत फिरत १९२९ मध्ये कौनसला पोचला. विल्नियस तेव्हा पोलंडकडे होतं, म्हणून कौनस ही लिथुएनियाची तात्पुरती राजधानी.

आता नीट ऐका. चाळिशी जवळ आलेली, रशियन गाण्यांचा साठा तयार. त्यावर त्याचं सहज भागलं असतं. पण गडी लिथुएनियन शिकायला बसला! आणि ही भाषा काही सोपी नाही हो. नामाच्या सात विभक्त्या, हाक मारायची त्यातच. आपण मंगलला 'अगं मंगले' म्हणतो ना? तसंच तिकडे मुलीचं नाव ओनीते, पण हाक मारताना शेवटचा 'ते' आखूड होतो. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात हीच हाक आहे: ओनीते, चल माझ्याबरोबर नाचायला! व्याकरणाच्या पुस्तकातली विभक्ती त्याने थेट नाचाच्या फरशीवर आणली. मला तर हे फार मोठं काम वाटतं.

मेट्रोपोलिस, व्हर्सालिस अशा उपाहारगृहांत तो गायचा. टँगो, फॉक्सट्रॉट, हसवणारी कडवी, सोबत अभिनय. होमोकॉर्ड कंपनीने त्याच्या तबकड्या काढल्या, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो.

३ डिसेंबर १९३१ला न्यूमोनियाने तो गेला. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, कौनसच्या नवव्या किल्ल्यात एका दिवसात नऊ हजारांहून जास्त ज्यूंना ठार मारलं. त्याच्या गाण्यावर ठेका धरलेली माणसं त्यांत असणारच, हे माझ्या मनातून जात नाही.

गाणी मात्र घराघरांत राहिली. 'लाइस्वेस अलेया', म्हणजे स्वातंत्र्य मार्ग, हा कौनसचा मुख्य रस्ता. तिथे मेट्रोपोलिसपाशी आज त्याचा पुतळा आहे, शिल्पकार रोमुआल्दास क्विंतास. 'ओनीते' नक्की ऐका, आणि तो आखूड 'ते' कानाने पकडता येतो का बघा.