चिनी रेशीम: चमकेवर जाऊ नका

श्रोतेहो, नमस्कार.

चीनच्या हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगद्वी नावाची जागा आहे. १९७२ साली तिथं खोदकाम करताना हान राजवटीच्या काळातल्या एका सरदारपत्नीची कबर सापडली, सुमारे २२०० वर्षांपूर्वीची. आत रेशमी वस्त्रांचा साठाच होता. त्यातला एक झगा चांगला पायघोळ, लांब बाह्यांचा. तोलून पाहिला तर वजन भरलं ४९ ग्रॅम! चमकधमक म्हणाल तर काही नाही. नुसतं झिरझिरीत, आरपार दिसणारं कापड. आणि आपण दुकानात अस्सल चिनी रेशीम ओळखायला जातो ते नेमकं चमकेवरून.

ही चमक येते कुठून, ते आधी बघू. तुतीचा पाला खाऊन पोसलेला किडा तोंडातून तंतू सोडत स्वतःभोवती कोष करतो. हा तंतू अखंड असतो, एका कोषातून साधारण किलोमीटरभर निघतो. पतंग कोष फोडून बाहेर आला की तंतू तुटलाच, म्हणून त्याआधीच कोषाला उष्णता देऊन आतला जीव मारतात. ऐकायला बरं वाटत नाही, पण धंदा असाच चालत आला आहे. मग कोष गरम पाण्यात सोडायचे, वरचा चिकटा सैल होऊ द्यायचा आणि सात-आठ कोषांची टोकं एकत्र ओढून एक सूत गुंडाळायचं. तो चिकटा म्हणजे सेरिसिन. ते पुरतं धुऊन काढलं की रेशीम मऊ होतं आणि चमकू लागतं, कारण आतल्या तंतूचा छेद गोल नसून तिकोनी असतो आणि त्याच्या बाजूंवरून प्रकाश परततो.

आता गंमत अशी की हे पॉलिएस्टर बनवणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक आहे. तेही तीन कोनांचा तंतू काढतात. म्हणजे चमक पुरावा म्हणून बाद. साडी अंगठीतून आरपार काढून दाखवतात, तो खेळही बाद; पातळ पॉलिएस्टरही अंगठीतून सुळकन निघतं. आणि ती रेशमाची सळसळ? सौम्य आम्लाची प्रक्रिया करून ती आणता येते, त्यामुळे कानावरही भरवसा नको.

मग उरतं काय? धागा. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून घ्या, चिमट्यात धरा आणि थाळीवर, हात सांभाळून, काडीनं पेटवा. खरं रेशीम आखडत, कुरतडल्यासारखं जळतं, ज्योत बाजूला केली की बहुधा विझतं, आणि वास येतो जळक्या केसांचा. मागे राहिलेली काळी गुठळी बोटांत चुरली की भुकटी होते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि त्याचा टणक मणी होतो, तो चुरडत नाही. रेयॉन कागदासारखं भुरकन जळतं, वासही कागदाचाच.

इथं बरेच जण एक चूक करतात: एकच धागा जाळतात. उभा धागा खरा रेशमाचा आणि आडवा पॉलिएस्टरचा, असं कापड सर्रास मिळतं. म्हणून उभा वेगळा, आडवा वेगळा, दोन्ही जाळून बघा. आग नको असेल तर घरातल्या ब्लीचच्या द्रावणात धागा टाकून ठेवा. रेशीम त्यात हळूहळू विरघळून जातं, पॉलिएस्टर जसंच्या तसं राहतं. लोकरही विरघळते आणि जळताना केसांसारखीच वास मारते. पण लोकर रेशीम म्हणून कोणी खपवत नाही, तेवढं सोडून द्या.

आता एक असं कापड सांगतो की ते हातात दिलं तर तुमच्यापैकी निम्मे लोक 'हे रेशीमच नाही' म्हणतील. दक्षिणेत, क्वांगतोंग प्रांतातल्या शुन्द भागात शियांगयुनशा नावाचं रेशीम तयार होतं. पांढरं रेशीम एका कंदाच्या तांबूस रसात बुडवायचं, गवतावर पसरून उन्हात वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाळवायचं, असं कित्येकदा. मग पहाटे, ऊन चढायच्या आत, एका बाजूला नदीतला लोहयुक्त चिखल लिंपायचा. रसातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि चिखलातलं लोह एकमेकांना भेटलं की ती बाजू काळीभोर होते, दुसरी तपकिरीच राहते. चिखल धुऊन टाकला की कापड कागदासारखं कडक लागतं आणि चालताना वाजतं. दमट उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही, म्हणून तिकडे त्याची चाहत. मऊपणा शोधणारा गिऱ्हाईक हे अस्सल रेशीम खाली ठेवून शेजारचं गुळगुळीत पॉलिएस्टर उचलून घरी नेणार!

धागा खरा ठरला तरी विणकाम हातचं की यंत्राचं, हा प्रश्न राहतोच. नानचिंगचं युनचिन घ्या, बादशाही पोशाखांचं किनखापी कापड. २००९ साली युनेस्कोनं ही कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्याचा माग दोन मजली उंच वाटावा असा. एक कारागीर वर बसून उभे धागे उचलतो, दुसरा खाली बसून विणतो, आणि दिवसभरात जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर कापड होतं. त्यात रंगीत धागा फक्त फुलापुरताच घालतात. त्यामुळे एकाच नक्षीचं फूल इथं लाल, पुढे निळं, त्यापुढे हिरवं असं बदलत जातं. यंत्राला प्रत्येक रंग पूर्ण पन्ह्यातून न्यावा लागतो, म्हणून तिथं रंगांची कंजुषी असते.

सूचौकडच्या खस्स नावाच्या रेशमी विणकामाची ओळख तर येवल्याची पैठणी जाणणाऱ्याला सांगावीच लागू नये. दोन्हींत रंगीत धागा आपल्या नक्षीच्या हद्दीपर्यंत जाऊन परत फिरतो, म्हणून कापड दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. फरक एवढाच की पैठणीत दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात, खस्समध्ये ते सुटे ठेवतात. कापड उजेडासमोर धरलं की रंगांच्या सीमेवर बारीक फटी दिसतात.

मुंबईच्या पारशी घरांतल्या जुन्या गारा साड्या तुम्ही पाहिल्या असतील. एकोणिसाव्या शतकात कँटनला व्यापाराला जाणाऱ्या पारशांनी तिथून भरतकाम करवून आणलेलं ते चिनी रेशीम. त्या साड्यांना मात्र काडी लावू नका, म्हणजे झालं.

शेवटी रजईबद्दल. सूचौ-हांगचौला फिरायला गेलेले बरेच जण रेशमी रजई घेऊन येतात. दोन किड्यांनी मिळून एकच कोष केला की तंतू गुंततात, त्याचं एकसारखं सूत निघत नाही. म्हणून असे कोष चौकटीवर ताणतात आणि ते पापुद्रे चौघींनी चार कोपरे धरून ओढत थरावर थर रचतात. चांगल्या रजईच्या कडेला चेन किंवा छोटी फट ठेवलेली असते. तिच्यातून बोट घालून थोडं रेशीम ओढा. लांबच लांब तंतू येत राहिले तर ठीक. आखूड पुंजका हातात आला, तर आत हलकं रेशीम किंवा दुसरंच काही भरलंय. आणि फटच नसेल तर दुकानदाराला शिवण दोन बोटं उसवायला सांगा. तो कां-कूं करू लागला, की शेजारचं दुकान गाठा.